कापसावरचं रक्त

कापूस फुटलेला आहे. बोंडं पांढरीशुभ्र. त्या रानातून एक माणूस घोड्यावरून जीव मुठीत धरून पळतोय. अलीकडे दोघे उभे: बंदूक रोखलेला एक जर्मन डॉक्टर, शुल्त्झ, आणि त्याच्या शेजारी, काही दिवसांपूर्वीपर्यंत साखळदंडात असलेला गुलाम जँगो. पळणारा माणूस नक्की तोच ना, यावर दोघांची एक गमतीशीर बोलाचाली होते. मग चाप ओढला जातो, आणि आपल्याला दिसतात ती बोंडं. पांढऱ्यावर लाल सडा. एखाद-दोन सेकंदांचा मामला.

क्वेंटिन टॅरंटिनोचा 'जँगो अनचेन्ड' २०१२ च्या नाताळात अमेरिकेत लागला, पुढच्या मार्चमध्ये भारतात आला. तेव्हापासून त्याच्यावर प्रेक्षक जे भांडताहेत ते सगळं भांडण या दोन सेकंदांत दडलेलं आहे. इथे काही जण हसतात. काही जण हसतात आणि लगेच ओशाळतात. काहींना ते चित्र इतकं देखणं वाटतं की मेलेल्या माणसाचा विसर पडतो, आणि काहींना नेमका त्या देखणेपणाचाच राग येतो. या कापसाखाली आधीच किती जणांचं रक्त मुरलं होतं आणि ते कधी दिसलं नव्हतं, हे ज्यांना सुचतं ते मात्र गप्प बसतात.

या भांडणातलं एक वाक्य दोन्ही पक्षांकडून येतं: "स्पॅगेटी वेस्टर्नला मुजरा म्हटला की एवढं रक्त येणारच." चाहते ते कौतुकाने म्हणतात, टीकाकार कपाळाला आठ्या घालून. पण मुळात ते खरं नाही. स्पॅगेटी वेस्टर्न म्हणजे इटालियन दिग्दर्शकांचे घोडे-पिस्तुलांचे 'वेस्टर्न'; ते जुने चित्रपट परत लावून बघा. सर्जिओ लिओनेच्या १९६४ ते १९६६ या काळातल्या तीन चित्रपटांत माणसं पटापट मरतात, पण मरतात कशी? गोळीचा आवाज, छातीवर हात, एक गिरकी, धुळीत लोळण. शर्ट बहुतेक वेळा कोरडाच. मारहाणीनंतर सुजलेले, रक्ताळलेले चेहरे दिसतात, मात्र गोळीने उडालेली चिळकांडी शोधावी लागते.

त्या तिघांतला पहिला, 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स', जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून बेतलेला होता. इतका बेतलेला की जपानी निर्मात्यांनी दावा लावला आणि तडजोडीत कुरोसावाच्या बाजूला जगभरच्या उत्पन्नातले १५ टक्के मिळाले. 'योजिम्बो'त तोडलेला हात तोंडात धरून एक कुत्रा रस्त्यावरून जातो. लिओनेने कथा उचलली, हात तिथेच ठेवला.

मग हे चित्रपट हिंसक म्हणून लक्षात का राहतात? कारण त्यांत वाट बघायला लावलेली असते. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चा शेवट घ्या. दफनभूमीच्या मधोमध गोल अंगण, तीन माणसं तीन बाजूंना. हा देखावा स्पेनमध्ये बुर्गोसजवळ उभारला होता, त्या हजारो खोट्या कबरी स्पॅनिश सैनिकांनी खणल्या. संगीत सुरू झाल्यापासून पहिली गोळी सुटेपर्यंत मिनिटांमागून मिनिटं जातात. हात, कंबरेचं पिस्तूल, डोळे. पुन्हा हात, पुन्हा डोळे. प्रत्येक फेरीला चौकट लहान आणि तुकडा छोटा. शेवटी मरतो एकच जण. तिसऱ्याच्या पिस्तुलात तर गोळ्याच नसतात, आदल्या रात्रीच काढून घेतलेल्या. म्हणजे एका मुडद्यासाठी एवढा घाट. आपण घरी येतो ते "काय जबरदस्त गोळीबार होता" म्हणत. रक्त आठवणीत आपण ओतलेलं असतं.

त्या डोळ्यांच्या क्लोज-अपमागे काटकसर होती, हे फार कमी वेळा बोललं जातं. साध्या ३५ मिमी फिल्मवर एका चौकटीला चार छिद्रांची उंची लागते. लिओनेने वापरलेल्या टेक्निस्कोप पद्धतीत दोनच छिद्रं वापरायची, म्हणजे चौकट आपोआप आडवी आणि रुंद होते आणि फिल्म निम्मी लागते. मिनिटाला ९० फुटांऐवजी ४५ फूट. हजार फुटांची रीळ ११ मिनिटांऐवजी २२ मिनिटं चालते. गरीब निर्मात्याला यापेक्षा गोड काय असणार! शिवाय रुंद पडद्यासाठी तेव्हा जी ताणलेल्या प्रतिमेची ॲनामॉर्फिक भिंगं वापरत, ती चेहऱ्याच्या फार जवळ नेली की गाल सुजल्यासारखे दिसत. टेक्निस्कोपला साधी गोल भिंगं चालत. त्यामुळे कॅमेरा भुवईपर्यंत नेता आला, आणि मागचा डोंगरही बऱ्यापैकी स्पष्ट राहिला. तोटा एकच: निम्म्या चौकटीतून पूर्ण प्रिंट काढताना दाणा फुगतो. पण तो दाणा घामेजलेल्या, खरखरीत चेहऱ्यांना शोभून गेला.

मराठी प्रेक्षकाला हे सगळं परकं नाही, कारण आपण ते रामनगरच्या खडकांत पाहिलेलं आहे. 'शोले'तलं ठाकूरच्या घरादाराचं हत्याकांड लिओनेच्या १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधून आलंय. दोन्हीकडे शेवटी एक लहान मुलगा उरतो, बंदूक त्याच्याकडे वळते, आणि गोळीच्या क्षणी चित्र तुटून आगगाडीवर जातं. मूल मरताना कुठेच दिसत नाही. गाडीचा तो आवाजच छातीत घुसतो. मिनर्व्हाला पाच वर्षं लोकांनी तो आवाज ऐकला. रक्ताचं म्हणाल तर सेन्सॉरने ठाकूरच्या हातून, खरं तर पायातून, गब्बरचा जीवही जाऊ दिला नाही. शेवट बदलून पोलीस आणावे लागले.

तर मग टॅरंटिनोकडचं रक्त आलं कुठून? थोडं दुसऱ्या सर्जिओकडून. सर्जिओ कोर्बुचीचा १९६६ चा 'जँगो' हा लिओनेपेक्षा घाणेरडा, चिखलातला आणि क्रूर चित्रपट. नायक शवपेटी ओढत येतो, पेटीत मशीनगन. एकाचा कान कापून त्याच्याच तोंडात कोंबतात. ब्रिटनच्या सेन्सॉरने त्याला १९९३ पर्यंत प्रमाणपत्र दिलं नव्हतं. आणि खलनायकाची माणसं लाल बुरखे घालून मेक्सिकन लोकांना मारत फिरतात. टॅरंटिनोच्या चित्रपटात डोक्यावर पिशव्या घालून आलेले गोरे स्वार "डोळ्यांची भोकं नीट पाडली नाहीत" म्हणून आपसांत भांडतात, तो प्रसंग बघताना हे लाल बुरखे आठवावेत. वंशद्वेष त्याने स्पॅगेटीत बाहेरून आणून घातलेला नाही, तो कोर्बुचीच्या पातेल्यात आधीपासून शिजत होता.

उरलेलं रक्त मात्र इटलीचं नाही. ते अमेरिकी दिग्दर्शक सॅम पेकिनपाच्या १९६९ च्या 'द वाइल्ड बंच'चं आहे, आणि त्याहून मागे कुरोसावाच्या 'संजुरो'चं. १९६२ च्या त्या चित्रपटात शेवटच्या एकाच वारात कारंजं उडतं. दाबाखाली भरलेल्या नळीचा जोड निसटल्याने ते ठरवल्यापेक्षा कितीतरी मोठं उडालं, असं सांगतात. अपघात पडद्यावर राहिला आणि पुढे त्याची शैली झाली.

पडद्यावर गोळी लागते कशी, हेही जवळून बघू, कारण "रक्त खोटं वाटतं" ही तक्रार नेहमीची आहे. कपड्याखाली एक छोटा बार असतो, त्याला स्क्विब म्हणतात. अंगाच्या बाजूला जाड गादी, तिच्यावर कडक पत्रा किंवा प्लास्टिकची चकती, चकतीवर बार, बारावर रक्ताची पातळ पिशवी आणि सगळ्यात वर शर्ट. बार बाहेरच्या बाजूला फुटतो, पिशवी फाटते, कापड फाडून रक्त उडतं. सगळं अडतं ते या कापडाशी. आतून पात्याने चिरा देऊन किंवा घासून ते आधी विरळ करावं लागतं. ते राहिलं तर बार फुटतो, कापड नुसतं फुगतं, आणि रक्त उडायच्या ऐवजी शर्टावर चहाच्या डागासारखं पसरतं. चिरा जास्त दिल्या तर फुटण्याआधीच जवळच्या शॉटमध्ये दिसतात. आणि प्रत्येक रिटेकला नवा शर्ट, नवी पिशवी, पुसलेली भिंत. पांढऱ्या कपड्यांतला खलनायक निर्मात्याला महाग पडतो तो असा.

रक्ताचा पाक म्हणजे मक्याचं सिरप आणि खाण्याचा लाल रंग, त्यात केशरी-जांभळ्याचा तोल सांभाळायला थोडा पिवळा किंवा निळा. नुसतं सिरप काचेसारखं पारदर्शक दिसतं, म्हणून ते गढूळ करायला चिमूटभर पांढरी भुकटी. त्वचेवर त्याचे मोत्यासारखे थेंब न होता ते ओघळावं म्हणून किंचित साबणासारखं द्रव्य. ओघळायला दाट पाक हवा, उडवायला पातळ. दाट पाक पिशवीत भरला तर बुडबुड्यासारखा गोळा बाहेर पडतो, फार पातळ केला तर गुलाबी धुकं. 'जँगो अनचेन्ड'मधल्या, मळ्याचा मालक कँडी याच्या हवेलीतल्या गोळीबारात मोठे, ओले, फटकन आपटणारे लोट आहेत. माणसाच्या अंगात मावणार नाही इतकं रक्त भिंतीवर जातं. हे चुकून झालेलं नाही. तिथे संगीतात गायक जेम्स ब्राउन आणि रॅपर टुपाक एकमेकांत मिसळलेले आहेत, नायक मुडद्यांची ढाल करून लढतोय, आणि आवाज सगळा चिखलात दगड पडल्यासारखा. एवढं अशक्य रक्त बघताना डोळा त्याला जखम समजत नाही, रंग समजतो.

मग चित्रपटात दुसरं रक्त आहे. दोन गुलामांची कुस्ती, एक मरेपर्यंत. तिथे कॅमेरा बराच वेळ बघणाऱ्यांच्या तोंडाकडे आहे आणि हाडाचा आवाज कानावर येतो. पळून गेलेल्या गुलामावर कुत्रे सोडतात तेव्हाही दृश्यांचे तुकडे छोटे आहेत, आणि पुढे त्याची आठवण डॉक्टर शुल्त्झला होते ती वीणेसारख्या हार्पवर बीथोव्हन वाजत असताना. चाबकाचे फटके, तापलेल्या लोखंडाचा डाग, उन्हात पुरलेल्या लोखंडी पेटीत नागडी कोंडलेली जँगोची बायको ब्रूमहिल्डा. इथे लोट नाहीत, गंमत नाही, कोणी शिट्टी मारत नाही. आधीच्या चाचणी-प्रयोगांत प्रेक्षक इतके हादरले की पुढच्या सूडाचा आनंदच त्यांना घेता येईना, म्हणून हे प्रसंग कापून लहान केले, असं टॅरंटिनोने मुलाखतींत सांगितलेलं आहे.

"फार हिंसक आहे" म्हणणाऱ्याला म्हणूनच आधी विचारायला हवं, कुठलं रक्त? मालकांचं रक्त रंगपंचमीसारखं उडतं. गुलामांचं बहुतेक ऐकू येतं. पहिल्याने ज्यांना मळमळतं त्यांची तक्रार अभिरुचीची आहे आणि तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दुसऱ्याने ज्यांचा जीव घुसमटतो त्यांच्याबाबतीत चित्रपटाने आपलं काम केलेलं आहे. तिसरा आक्षेप मात्र सगळ्यांत वजनदार आहे: ही दोन रक्तं एकाच ताटात वाढावीत का?

कृष्णवर्णीय अमेरिकी दिग्दर्शक स्पाइक लीचा आक्षेप हाच होता. आपण हा चित्रपट बघणार नाही, आपल्या पूर्वजांचा तो अनादर ठरेल, असं त्याने डिसेंबर २०१२ मध्ये सांगितलं. अमेरिकेतली गुलामगिरी म्हणजे लिओनेचा स्पॅगेटी वेस्टर्न नव्हता, तो वंशसंहार होता, असं त्याचं म्हणणं. न बघता मत दिलं म्हणून त्याला बरेच जण हसले. पण यात बघण्या-न बघण्याचा प्रश्नच नव्हता, प्रश्न त्या विषयाला हा साचा वापरण्याचा होता. त्यातच चित्रपटातल्या गुलामांच्या आणि मालकांच्या बाहुल्या दुकानांत आल्या. निषेध झाल्यावर जानेवारी २०१३ मध्ये त्या मागे घेतल्या. गुलाम विकत घेता येतो, हे चित्रपट पावणेतीन तास शिव्या घालत सांगतो आणि त्याचा व्यापारी विभाग पुन्हा तेच करून दाखवतो!

महाराष्ट्रात बसून या वादाकडे परका तमाशा म्हणून बघणं जड जातं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. नंतर ९९ वर्षांनी मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावही तिकडच्या काळ्या तरुणांच्या संघटनेवरून घेतलं. म्हणूनच इथल्या काही प्रेक्षकांना जँगो मळ्यावरच्या गोऱ्या मुकादमाला चाबकाने फोडतो तेव्हा जे वाटतं ते पाश्चात्त्य समीक्षकाच्या "कॅथार्सिस"मध्ये, म्हणजे भावनांच्या निचऱ्यात, बसत नाही. आणि त्यांनाच स्टीफन बघवत नाही. सॅम्युएल जॅक्सनने केलेला तो म्हातारा कारभारी, मालकाच्या चेकवर सही करणारा, मालकापेक्षा मालकी जपणारा. हवेलीचा खरा मेंदू तोच आहे. त्याची ओळख इथल्या प्रेक्षकाला पटवून द्यावी लागत नाही.

इतिहासकारांचा आक्षेप त्या मरेपर्यंतच्या कुस्तीवर आहे. तशा झुंजी होत असल्याचा पुरावा नाही, आणि कारण माणुसकीचं नसून हिशेबाचं आहे: त्या काळी धडधाकट तरुण गुलामाची किंमत हजार डॉलरच्या वर होती. एवढा माल मालक संध्याकाळच्या करमणुकीत कशाला फोडेल? कल्पना १९७५ च्या 'मँडिंगो'सारख्या चित्रपटांतून आलेली. फटके, डाग, कुत्रे, कुटुंबांची ताटातूट हे मात्र खरं होतं, आणि ते पुरेसं होतं.

बाल्कनीपासून पिटापर्यंत सर्वांचं एकमत असलेली तक्रार म्हणजे लांबी. १६५ मिनिटं, आणि शेवटची वीसेक मिनिटं चढाच्या रस्त्यावरच्या एसटीसारखी. दोष मिनिटांचा नाही, क्रमाचा आहे. स्पॅगेटी वेस्टर्नमध्ये नायक शेवटाच्या आधी चेचला जातो, हा नियमच. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मध्ये त्याला बदडतात, तो लपून बरा होतो, मग परततो. कोर्बुचीच्या जँगोचे हात घोड्यांच्या टापांखाली चिरडतात; तो फुटक्या हातांनी कबरीच्या क्रुसावर पिस्तूल टेकवून लढतो. म्हणजे आधी चेचणं, मग लपणं, मग एकदाच स्फोट. टॅरंटिनोने मोठा गोळीबार आधी करून टाकला, नंतर नायकाला उलटं टांगलं, खाणीकडे रवाना केलं, वाटेत स्वतः ऑस्ट्रेलियन उच्चार करत हजेरी लावली, आणि पुन्हा हवेलीत आणलं. दाबून ठेवलेली वाफ एकदा निघून गेल्यावर शिट्टी दुसऱ्यांदा तेवढी वाजत नाही. त्यात शुल्त्झ मेलेला. ख्रिस्तोफ वॉल्ट्झला त्या भूमिकेचं ऑस्कर मिळालं ते रास्तच, पण तो गेल्यावर चित्रपटातलं बोलणंच संपतं. ब्रूमहिल्डाला जर्मन येतं, ती एकदा पळून गेलेली आहे, तरी तिच्या वाट्याला वाट बघणंच. हाही आक्षेप खरा आहे, आणि "जुन्या वेस्टर्नमध्ये बायका अशाच असायच्या" हे त्याचं उत्तर होत नाही.

झटक्यात झूम मारण्याबद्दल काहीजण नाक मुरडतात: "हौशी लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसतं." लिओनेपेक्षा इतर इटालियन दिग्दर्शकांची ती खूण. रूळ टाकून ट्रॉली ढकलायला वेळ आणि माणसं लागतात, भिंगाचा दांडा ओढायला एक मनगट. दिसायला सोपं, चुकायला त्याहून सोपं. आधी पूर्ण जवळ जाऊन फोकस लावायचा, कारण तिथे तो सर्वांत नाजूक. मग मागे यायचं, मग एका झटक्यात आत. भिंगाची मागची बैठक केसभर सरकलेली असली तर एक टोक धूसर होतं. आणि दांडा शेवटी अडकून थांबायला हवा, किंचित उसळला तरी भीतीचं हसू होतं. लिओनार्डो डिकॅप्रिओच्या कँडीची ओळख असल्या झूमने होते. छायाचित्रकार रॉबर्ट रिचर्डसनचा तो झूम उसळत नाही, तरी हसू येतं, आणि ते हवंच आहे.

आता राहिली कँडीची बहीण. जँगो वरून तिच्यावर गोळी झाडतो आणि ती गोळीच्या दिशेने मागे न जाता आडवी, दोरी ओढल्यासारखी दाराआड फेकली जाते. तिला खरोखरच दोरी ओढते: अंगाला पट्टा, पट्ट्याला तार, तारेला झटका. ओढ कुठल्या बाजूला लावायची ते दिग्दर्शक ठरवतो. "पदार्थविज्ञान चुकलं" म्हणणाऱ्यांनी हिशेब केलाच तर पूर्ण करावा. १६ ग्रॅमची गोळी सेकंदाला २५० मीटर वेगाने आली आणि ६० किलोच्या माणसात अडकली, तर माणूस सेकंदाला सात सेंटिमीटरही हलत नाही. म्हणजे योग्य दिशेला उडाली असती तरी ते तितकंच खोटं ठरलं असतं. गोळीने माणूस उडतो हे आपण सिनेमातच शिकलो. टॅरंटिनोने फक्त तार दुसरीकडून ओढली.

पाठोपाठ हवेली उडते. घोड्यावर बसलेली ब्रूमहिल्डा कानांत बोटं घालते, जँगो घोड्याला नाचवतो, थिएटर टाळ्या पिटतं. चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाटीवर १८५८ लिहिलेलं असतं, आणि यादवी युद्ध दोन वर्षांवर आहे असंही, जे धड बरोबर नाही, कारण युद्ध पेटलं १८६१ च्या एप्रिलात. डायनामाइटचं पेटंट नोबेलने घेतलं १८६७ मध्ये. नऊ वर्षं आधीच त्याच्या कांड्या त्या घराच्या पोटात लावलेल्या असतात.